धान्य सोडलेली गौरव्वा

ताटात कोणी काय टाकलं ते गौरव्वा विसरत नसे. आज टाकलेलं वांगं ती तीन महिन्यांनी बाहेर काढायची. आपण ते कधीच विसरून गेलेलो असायचो, भाकरी मोडत असायचो, आणि ती चुलीपुढून मान न वळवता म्हणायची, "कोकण्या, आखाडात वांग्याची देठं ठेवून उठला हुतास. आज वांगं मागू नगंस."

पंचवीस-तीस माणसं तिच्याकडं दोन पंगतींना जेवायची. गिरणीमागच्या गल्लीत दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी, एवढीच ती खानावळ. कोणाला भाकरी कडक लागते, कोणाला मऊ, कोणाच्या दाढेला कीड लागलीय म्हणून चटणी चालत नाही, कोणाची आई गावी आजारी आहे, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं. तिला अक्षर येत नव्हतं. मला थोडं येत होतं, मराठी तिसरीपर्यंतचं, तेवढ्याच जोरावर हे लिहितोय. शुद्धलेखनात चुका निघतील. तिच्याबद्दल लिहायला माझ्यापेक्षा बरा माणूस हवा होता, पण त्या पंगतीतला आता मीच उरलोय असं दिसतं.

बाई उंच, हाडापेरानं थोराड. कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. माहेर मंद्रूपचं, तिथल्या घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. नवरा गिरणीत होता, तो तापानं गेला, तेव्हा मुलगा मल्लाप्पा सहा वर्षांचा. तिनं चूल मोठी केली आणि गिऱ्हाईकं बसवली. सगळे तिला अव्वा म्हणत, म्हणजे आई. तिच्यापेक्षा वयानं मोठी माणसंही म्हणत.

मी रत्नागिरीकडून सूतखात्यात लागायला आलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. मागं आई आणि बायको. जोंधळ्याची भाकरी मी तोवर नुसती ऐकली होती. पहिल्या दिवशी ती ताटात पडली आणि मी तिच्याकडं बघत बसलो.

"काय बघतोस?" गौरव्वा म्हणाली. "ती चावत न्हाय. तू चाव."

पंगत हसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पाहिलं असावं, कारण ती उठून आली, माझ्या ताटातली भाकरी तिनंच कुस्करली, वर कढत आमटी ओतली आणि म्हणाली, "हं. आता भात समज." पुढल्या शनिवारी भाकरी उचलली तर खाली मूठभर भात. मी वर पाहिलं, तर ती दुसरीकडंच बघत होती. त्यानंतर दर शनिवारी भाकरीखाली भात असायचा, आणि पाच वर्षांत तो कोणालाही दिसला नाही. एकदा मुदतीच्या तापात मी एकवीस दिवस पडलो, तेव्हा माझं अंथरूण तिनं पडवीत घालून घेतलं. त्या वेळी मी जगलो तो तिच्यामुळं. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं जे सांगायचंय त्यात मी फारसा बरा दिसत नाही.

तिचा एक नियम होता. आधी गिऱ्हाईक, मग घर. शेवटचं गिऱ्हाईक हात धुऊन उठेपर्यंत तिनं किंवा मल्लूनं तोंडात घास घालायचा नाही. मल्लू चोवीस-पंचवीसचा झाला, गिरणीत लागला, मिशा पिळायला लागला, तरी हेच.

एका श्रावणात पीठ दळून यायला उशीर झाला. भाकऱ्या कमी पडल्या. मल्लू रात्रपाळी करून आलेला, उपाशी. शेवटच्या दोन भाकऱ्या टोपल्यात होत्या त्या घेऊन तो पंगतीच्या टोकाला बसला. माझ्या शेजारी दाजीबाचं ताट रिकामं होतं. हा दाजीबा नातेपुत्याचा. खायला पुढं, बोलायला त्याहून पुढं.

"अव्वा," दाजीबा म्हणाला, "आमी आज ताट चाटायचं का काय?"

गौरव्वानं वळून बघितलं. मग ती उठली, मल्लूपाशी गेली आणि त्याच्या हातातली भाकरी, तोंडाशी नेलेली, तिनं ओढून घेतली. "गिऱ्हाईक उपाशी उठतंय आन् तू गिळतोस?" असं म्हणून ती दाजीबाच्या ताटात टाकली.

मल्लू ताटावरून उठला. खरकटा हात त्यानं दाराच्या चौकटीला पुसला. "आता तू बोलावलंस तरी ह्या घरात जेवणार न्हाय," म्हणाला.

"बोलावतंय कोन तुला?"

तो गेला. दाजीबानं ती भाकरी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी कळलं की मल्लू मुंबईला गेला, तिथल्या गिरणीत कोणी ओळखीचा होता. गौरव्वा त्या दिवशी सकाळीच सिद्धेश्वराच्या तळ्यावर गेली होती. दुपारी ओल्या केसांनी वाढता वाढता, मीठ संपलंय असं सांगावं तशी म्हणाली, "मल्लू माझ्या डोळ्यांदेखत ह्या उंबऱ्यातनं आत येऊन त्याच्या हातानं भाकरीचा घास देईपातूर मी धान्याला शिवणार न्हाय. देवाला सांगून आलेय."

मी हात धुताना हळूच म्हटलं, "अव्वा, पत्ता काढतो. एक कार्ड टाकू?"

"तू कार्ड टाकलंस तर तो तुझ्या कार्डानं आला म्हनायचं. मी देवाला घातलंय. देवाच्या मधी पडू नगंस. पडलास तर हितं जेवायला येऊ नगंस."

मी पडलो नाही. गावापासून एवढ्या लांब, दुसरं कोण मला भाकरीखाली भात ठेवणार होतं? पत्ता मला आठ दिवसांत मिळाला होता. तो लिहिलेला कागद माझ्या ट्रंकेत तसाच पडून राहिला.

धान्य सोडणारी माणसं मी आणखीही पाहिली, पण गौरव्वानं सोडलं ते तिच्या पद्धतीनं. शेजारची रखमा तिला भाकरी भाजायला मदत करायची. ती म्हणाली, "शेंगा चालतात की उपासाला." गौरव्वा म्हणाली, "माझ्या जिवाला शेंगांची चटणी लई आवडती. आवडतं तेच ठिवायचं तर सोडलं काय?" रखमा म्हणाली, दूध घे. तर म्हणे, "म्हस काय खाती? कडबा. कडबा कशाचा? जोंधळ्याचा. मग दूध कशाचं झालं?" राहिला साबुदाणा. पांढराशुभ्र, आजाऱ्याला देतात तो. त्याची पाण्यातली लापशी, साखर घालून, दोन वेळा दोन वाट्या. आणि बिनदुधाचा चहा. रोज शंभर भाकऱ्या थापायची, उखळात शेंगांची चटणी कुटायची, आणि बोटाला लागलेली चटणी पाण्यानं धुऊन टाकायची.

गल्लीतल्या बाया पाया पडायला यायला लागल्या. मठातले स्वामी येऊन सांगून गेले की बाई, एवढं कडक नको, एक अभिषेक कर आणि मोकळी हो. तिनं त्यांना नमस्कार केला आणि आपलं तेच चालू ठेवलं. आम्हाला तिचा अभिमान वाटायचा. दुसऱ्या खानावळीतल्या लोकांना आम्ही सांगायचो, आमच्या अव्वाला चार महिने झाले.

मार्गशीर्षात लापशी पोटात ठरेना. पायाला मुंग्या येतात, तळवे भाजतात, म्हणायची. मग भिंतीला धरून, पाय फाकून चालायला लागली, होडीत उभं राहिल्यासारखी. एके दिवशी वाढताना तिनं आमटीचं पळं माझ्या आणि दाजीबाच्या ताटांच्या मध्ये, जमिनीवर ओतलं. पुन्हा भरलं, पुन्हा तिथंच ओतलं.

"अव्वा," दाजीबा म्हणाला, "सकाळच्यापारी शिंदी चढली का?"

पंगत खो खो हसली. मीही हसलो. गौरव्वा उभी राहून आमच्याकडं बघत होती आणि तिची बुबुळं जागेवर ठरत नव्हती, आपोआप थरथरत होती. "दोन-दोन दिसतंय रे समदं," ती म्हणाली. "तुमी आज किती जन हाय?"

"साठ!" कोणीतरी ओरडलं. पुन्हा हशा.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत सगळं शहर लोटलं होतं. त्याच दिवशी ती चुलीपाशी आडवी झाली ती उठेना. डोळे अर्धे उघडे, हाक मारली तर हूं नाही. गल्लीतल्या बाया आल्या आणि त्यांनी ठरवलं की समाधी लागली. उशाशी समई लावली, विभूती लावली, नारळ ठेवले. दोन दिवस माणसं दर्शन घेऊन जात होती. तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यातल्या डॉक्टरला घेऊन आलो. तेही त्याच्या हातापाया पडून.

त्यानं पापण्या उचलून पाहिल्या. "काय खाते ही?"

"साबुदाणा," रखमा म्हणाली.

"आणखी?"

"चा."

"आणखी?"

"आनी काय न्हाय. आमच्या अव्वाचं व्रत हाय."

"ही समई उचला आधी," डॉक्टर म्हणाला. "समाधी नाही, उपासमार आहे."

"दोन वाट्या खाती की ती!"

"त्यानं पोट भरतं. पण अन्नात जे एक द्रव्य असावं लागतं, व्हिटॅमिन म्हणतात, ते त्यात नाही. ते नसलं की मेंदू मरायला लागतो. तुम्ही खाता त्या भाकरीत ते आहे, डाळीत आहे." त्यानं पायाशी असलेल्या उखळात पाहिलं. "ह्या शेंगदाण्यांत भरपूर आहे."

पावाच्या भट्टीतलं खमीर डाळीच्या पाण्यात कालवून नळीनं पोटात घाला, म्हणाला. रखमा मागं सरली. व्रत मोडल्याचं पाप कोण घेणार? मी म्हटलं, माझ्या नावावर घाला. त्या वेळी मला ते मोठं धाडस वाटलं होतं. आज वाटतं, ट्रंकेतला पत्ता काढला असता तर त्या नळीची गरजच पडली नसती.

आठव्या दिवशी तिनं डोळे उघडले. बुबुळं ठरली होती. मला ओळखलं, रखमाला ओळखलं, दाजीबाला पाहून म्हणाली, "ह्याला वाढलं का न्हाय कुनी?" आम्हाला इतका आनंद झाला! रखमानं भाकरी पुढं केली, तशी तिनं हात मागं घेतला. "खुळी का काय गं? मल्लू जाऊन आज तिसरा दिवस. सकाळीच तर देवाला सांगून आले."

सहा महिने झाले होते. रखमानं सांगितलं, आजारी होतीस, असं असं झालं. गौरव्वानं सगळं ऐकून घेतलं, गालावर हात ठेवला, "काय सांगतीस!" म्हणाली. मग थोडा वेळ पत्र्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "मल्लू जाऊन आज तिसरा दिवस."

त्या श्रावणापर्यंतचं तिच्याकडं सगळं होतं. पुढचं काही नव्हतं आणि नवं काही धरत नव्हतं. हातातली वस्तू निसटावी तसं दहा मिनिटांत सगळं निसटायचं. आणि त्या मोकळ्या जागेत ती काहीतरी भरायची. खोटं बोलायची नाही ती, तिला ते खरंच वाटायचं. "अव्वा, काल कुटं हुतीस?" विचारलं की, "मंद्रूपला. बाजार केला. वांगी लई स्वस्त हुती, पर किडकी." आदल्या दिवशी ती अंथरुणातून उठलीसुद्धा नव्हती. पंगतीला हा खेळ सापडला. एक जण विचारायचा, गव्हर्नरसाहेब आला होता का जेवायला? ती म्हणायची, आला हुता की, कडक भाकरी मागितली. हसून हसून लोकांच्या पोटात दुखायचं.

तिच्या हातांना मात्र सगळं आठवत होतं. ती परातीपुढं बसली की भाकरी तशीच उतरायची, पहिल्यासारखी गोल, एकसारखी. रखमा विस्तव सांभाळायची. पण वाढलेलं तिला आठवायचं नाही. जेवून उठलेला माणूस पुन्हा पाटावर बसून म्हणायचा, "अव्वा, आज आमाला इसरलीस की." ती ओशाळून पुन्हा वाढायची. दाजीबा एका दुपारी तीनदा जेवला आणि तिसऱ्यांदा त्यानं तिला बोलही लावला, "गिऱ्हाईक उपाशी मारतीस व्हय?" तिनं त्याची माफी मागितली. कोण काय टाकून उठतो ते आता तिला कळत नव्हतं. ताटात भाकरीची चळत टाकून लोक उठायचे.

आणि ती स्वतः धान्याला शिवत नव्हती. बेशुद्धीत नळीनं दिलं तेवढंच. डॉक्टर म्हणाला, "भाकरी खाल्ली नाही तर पुन्हा पडेल. मग उठायची नाही."

त्या दिवशी मी कार्ड टाकलं. सहाव्या दिवशी मल्लू आला. सहा महिन्यांपूर्वी टाकलं असतं तरी सहाव्याच दिवशी आला असता.

दुपारची पंगत बसली होती. दारात तो पत्र्याची पेटी घेऊन उभा राहिला. "अव्वा."

ती पिठाच्या हातानं उठली, भिंत धरत आली. तो उंबरठा ओलांडून आत आला. तिनं त्याचे दोन्ही गाल धरले. "हातातली भाकरी वढली रे मी. तोंडातली. आईनं वढू ने."

"जाऊ दे अव्वा."

"आईनं वढू ने रे."

मल्लू रडत होता. त्यानं टोपल्यातली भाकरी मोडली आणि तिच्या तोंडात घातली. तिनं तो घास किती वेळ चावला! दाजीबानंसुद्धा डोळे पुसले. तिनं एक भाकरी संपवली, दुसरी अर्धी खाल्ली, वर आमटी प्याली. मग मल्लू तोंड धुवायला मागच्या नळावर निघाला, तेवढ्यात तिनं वर पाहिलं.

"मल्लू! कवा आलास?" आणि त्याच्या गालांवर तिच्याच बोटांचे पिठाचे ठसे होते ते बघून म्हणाली, "आनी तोंडाला हे पीठ कसलं फासलंयस?" पदरानं पुसायला लागली.

संध्याकाळी तो शेजारी बसून घास पुढं करत होता, तर ती खाईना. "तू आलास खरा, पर उंबऱ्यातनं येताना मी बघितलं न्हाय. माझ्या डोळ्यांदेखत यायला पायजे. तसं बोललेय मी." मग मल्लू उठला, बाहेर गेला आणि पेटी घेऊन पुन्हा आत आला. पेटी लागायचीच. ती नसली तर म्हणायची, कोपऱ्यावरनं आलास, मुंबईहनं न्हाय. अशा रीतीनं दोन वेळा दोन्ही पंगतींदेखत मल्लू मुंबईहून यायला लागला.

पहिले आठ-दहा दिवस त्यानं मन लावून केलं. प्रत्येक वेळी ती गाल धरायची, प्रत्येक वेळी माफी मागायची आणि प्रत्येक वेळी तिला ते पहिल्यांदाच सुचलेलं असायचं. तिचा जीव प्रत्येक वेळी तेवढाच तुटायचा. त्याचा किती वेळा तुटणार? तिसऱ्या आठवड्यात तो दारातूनच म्हणायला लागला, "व्हय व्हय, आईनं वढू ने. तोंड उघड." पंगत तिच्याबरोबर एका सुरात म्हणायची, "आईनं वढू ने रे!" ती दचकून बघायची, ह्या सगळ्यांना कसं कळलं? लोक गिरणीतून पाहुणे घेऊन येऊ लागले. "चला, बाराला अव्वाचा ल्योक येनार हाय."

एका दुपारी मल्लू नळावर होता. पेटी पडवीत. दाजीबानं ती उचलली, गल्लीत गेला आणि टोपी झटकत दारात उभा राहिला. "अव्वा! आलो गं!"

आम्हाला वाटलं, आता ती शिव्या देणार.

गौरव्वा उठली. भिंत धरत गेली. दाजीबाचा काळा, देवीचे वण असलेला चेहरा तिनं दोन्ही हातांत घेतला. "हातातली भाकरी वढली रे मी."

पंगत हशानं फुटली. एक जण हसता हसता ताटावर पालथा पडला. दाजीबा घाबरला होता, पण मागं हटला नाही. त्यानं घास मोडला आणि तिनं तो त्याच्या हातून खाल्ला. मागच्या दारात मल्लू ओल्या तोंडानं उभा होता.

तो पुढं आला आणि पेटी काढून घेतली. "ती भाकरी बी ह्यानंच खाल्ली हुती," मला म्हणाला. "आता ल्योक बी ह्योच झाला. माझं काय काम? तितं माझा खाडा पडतोय." गौरव्वा घास चावत त्याच्याकडं बघत होती. "कोन पावना?" तिनं रखमाला विचारलं. मल्लू त्याच दुपारच्या गाडीनं गेला. पुन्हा आला नाही.

दाजीबानं कोणाची तरी पेटी मागून घेऊन तो खेळ दोन दिवस केला. मग त्याला कंटाळा आला. तिसऱ्या दिवशी ती उपाशी राहिली. चौथ्या दिवशी माझी स्वतःची ट्रंक घेऊन मी दारात उभा राहिलो.

ते चार महिने मी कसे सांगू? सुट्टीचा भोंगा झाला की धावत यायचं, ट्रंक उचलायची, आत जायचं. जी माफी माझी नव्हती ती दिवसातून दोनदा घ्यायची. तिच्या अंगावर मांस आलं, चाल सुधारली. डोकं तसंच राहिलं. डॉक्टर म्हणाला, मेंदूतलं जे मेलं ते परत येत नाही. आता फक्त जगवा. मी जगवत होतो, पण मला धास्ती वाटायची. एकीकडं देवाची, एकीकडं पंगतीची. आणि एकदा, माझ्या बायकोचं पत्र आलं होतं, मन ठिकाणावर नव्हतं, ती गाल धरून बोलत होती आणि मी बोलून गेलो, "अव्वा, मी मल्लू नाही. मी कोकण्या. मल्लू गेला."

तिचं चावणं थांबलं. तिनं तोंडातला घास हातावर काढला. माझ्याकडं, घासाकडं, पुन्हा माझ्याकडं पाहिलं. "देवाम्होरं खोटी पाडलीस मला," म्हणाली. मग तोंड उघडून अशी रडली की पंगतीत एकाचाही हात ताटात गेला नाही. मी ट्रंक घेऊन बाहेर पळालो. गल्लीच्या टोकाला उभा राहिलो. पाव तासानं रखमानं खूण केली की विसरली. मी ट्रंक घेऊन पुन्हा आत गेलो. "मल्लू!" ती म्हणाली. डोळे अजून लाल होते, कशानं ते तिला ठाऊक नव्हतं.

आषाढात तिचा भाऊ शिवण्णा मंद्रूपहून बैलगाडी घेऊन आला. बाजारात त्याच्या कानावर गेलं होतं. "परक्याच्या हातनं नवस फेडताय? तिला पाप लागंल." मी डॉक्टरनं सांगितलेलं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुमच्या डॉक्टरापेक्षा आमचा देव जुना हाय. आमी घरची मानसं हाय, बघू." गाडीत बसताना तिनं मला विचारलं, "कोकण्या, आज काय शनवार का रे?" गाडी हलली. रखमानं खानावळ पुढं चालवली.

दसऱ्याच्या सुट्टीत बाजाराचा दिवस बघून मी मंद्रूपला गेलो. ट्रंक घेऊनच गेलो. आत रखमानं बांधून दिलेल्या भाकऱ्या आणि शेंगांची चटणी होती.

शिवण्णाच्या घराच्या ओट्यावर घोंगडीवर ती बसली होती. निम्मी झाली होती. पुढं विभूतीचं ताट, नारळ, आणि पांढऱ्या लापशीची वाटी. ओट्याखाली बायांची रांग. मी पायऱ्या चढलो. "अव्वा, आलो."

तिनं वर पाहिलं. बुबुळं थरथरत होती. "या, बसा," पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाली. "मल्लू आतच हाय. आत्ता आला मुंबईहनं. माझ्यासाठी हिरवं लुगडं आनलंय." अंगावरच्या विटक्या लुगड्याचा काठ तिनं मला दाखवला. "त्याच्या हातची भाकरी खाल्ली. दोन खाल्ल्या."

मी भाकरी मोडून पुढं केली. ती हसून मागं सरली. "न्हाय बाबा, पोट फुटंल. आत्ताच जेवलेय."

"रोज ह्येच," शिवण्णाची बायको म्हणाली. "भाकरी दावली की जेवले म्हनती, तोंडात घातली तर थुकती. लापशी तेवढी सवयीनं पिती."

मी शिवण्णाला हात जोडले. म्हटलं, लापशीत डाळीचं पाणी तरी घाला, ही मरेल. तो शांतपणे म्हणाला, "मल्लू आला म्हनती न्हवं? मग नवस फिटला. तिला तिचं दिसतंय. ह्या बाया उगीच येतात व्हय?"

रांगेतल्या बायांपैकी कोणाचा मुलगा गेलेला, कोणाचा नवरा. गौरव्वा एकेकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगत होती, "माझा आला की. तुजा बी येतो." पुढची बाई विशी-बाविशीची होती. नवरा बोटीवर गेलेला, शिवण्णाची बायको म्हणाली, हिनं दोन महिन्यांमागं धान्य सोडलंय, अव्वासारखंच, दूधसुद्धा घेत नाही. ती पायऱ्या चढायला लागली. एक हात भिंतीला होता. पाय फाकून, चाचपून टाकत होती.

गौरव्वानं आपल्या वाटीतली लापशी तिच्या तळहातावर घातली. तिनं ती डोळ्यांना लावली आणि प्याली.

"बाई," मी म्हणालो, "भाकरी खा. आजच खा. तुझ्या पाया पडतो."

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या ट्रंकेकडं. तिचं तोंड एकदम उजळलं. "तुमीच का अव्वांचे मल्लू?"

मी नाही म्हणालो. दोनदा म्हणालो. पण ती वाकली होती, आणि तिच्या मागं रांगच्या रांग पायऱ्या चढून माझ्या पायांकडं येत होती. त्या गर्दीपलीकडून गौरव्वा मान उंच करून भावजयीला विचारत होती, "कोन आलंय गं एवढं?"